गंधश्रेष्ठीची जुनी भांडी

गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीत धर्मसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका तांबटाच्या घरी जन्म घेतला होता. पूर्णक नावाच्या गंधश्रेष्ठीची अत्तर गाळायची तांब्याची भांडी तोच घडवी आणि तोच दुरुस्त करी.

पूर्णकाचे अत्तर राजवाड्यात जाई. त्याची कृती तीन पिढ्या घरातच राहिली होती, आणि ती बाहेर फुटेल या धास्तीने पूर्णकाला अन्न गोड लागत नसे. स्वयंपाकी पेठेत जरा रेंगाळला, की याच्या मनात पाल चुकचुकलीच. भांडे जुने झाले की तो ते विकत नसे, मोडीतही देत नसे. माणसे लावून कुंभारवाड्यामागच्या तळ्यात बुडवी. तांबे वास धरून ठेवते, असा त्याचा अनुभव होता. भांडे समोरच्या मंडन गंध्याच्या हाती पडले, तर तो हुंगून कृती ओळखील. नाही ओळखली, तर भांड्यावरचा पूर्णकाचा ठसा दाखवून भिकार अत्तर विकील आणि नाव घालवील. शिवाय कोणते भांडे कोणाला द्यायचे, यात डोके कोणी शिणवायचे? त्यापेक्षा तळे बरे. ना तुला ना मला, घाल कुत्र्याला.

एके दिवशी बोधिसत्त्व त्याला म्हणाला, "श्रेष्ठी, जुनी भांडी मला द्या. तांब्यानं तळ्याचं पाणी कळकलंय. कुंभारांची पोरं पोट धरून रडतात."

"बघू," पूर्णक म्हणाला. मनात म्हणाला, तांबटाला कुंभारांचा एवढा पुळका कधीपासून? मंडनानेच याला फितवले असणार.

तेव्हापासून तो तांबटाच्या मागावर राहिला. चौथ्या दिवशी भर दुपारी त्याला हवे ते दिसले. तांबट छातीभर पाण्यात उभा राहून भांडी वर काढत होता, आणि खेमा कुंभारीण ती काठावर ओढत होती.

"सापडलास शेवटी," पूर्णक म्हणाला. "मंडनाकडे केव्हा पोचवणार होतास?"

खेमाने ओंजळभर पाणी त्याच्यापुढे धरले. ते हिरवट होते. "धाकटी तीन दिवस उठली नाही, मालक," ती म्हणाली. "संशय तुमचा, आणि भोगायचं आम्ही?"

पूर्णकाने मान फिरवली. "माझी कृती गेली तर माझं घर बसेल."

तेव्हा बोधिसत्त्व पाण्याबाहेर आला आणि त्याच्या कानाशी लागून हलक्या आवाजात बोलू लागला. वाळा किती, केवडा किती, चंदन केव्हा घालायचे, विस्तव केव्हा मंद करायचा. सगळे बरोबर होते. पूर्णकाने चटकन इकडेतिकडे पाहिले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बारा वर्षं झाली. भेगेला डाग द्यायला भांडं तापवलं, की वास एकेक करून वर येतो."

"मंडनानं विचारलं नाही?"

"दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याचं भांडं दुरुस्त करून त्याला घरी पाठवलं."

पूर्णक काठावरच बसला. चार दिवस तो ज्याच्या मागावर होता, त्याच माणसाने बारा वर्षे त्याचे घर राखले होते. त्याला फार लाज वाटली, आणि त्याने सगळी जुनी भांडी तांबटाच्या हवाली केली.

तरी खोड जाते कुठे? भांडी वितळली तेव्हा तो भट्टीपुढे बसून राहिला, आणि निघालेली लगड त्याने तीनदा हुंगली. तांब्याला तांब्याचाच वास होता. त्या तांब्याच्या घागरी झाल्या, त्यांना आतून कल्हई लागली आणि कुंभारवाडा नदीचे पाणी भरू लागला. तळे उपसायला पूर्णकाने माणसे लावली. खेमाची धाकटी उठून बसली, त्या दिवशी तो तिच्या दारी जाऊन घागरीतले पाणी प्यायला. या वेळी त्याने ते हुंगले नाही.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, आपली जुनी भिक्षापात्रे दुसऱ्या कोणाला मिळू नयेत म्हणून विहिरीत टाकणारा हा भिक्षू तेव्हा पूर्णक होता. त्याला पात्रे मागणारी भिक्षुणी खेमा होती, आणि तांबट मीच होतो. दुसऱ्याचे गुपित हाती असूनही ते न विकणे, ही शील पारमिता, शीलाची परिपूर्णता."

तो भिक्षू वंदन करून उठला आणि विहिरीकडे गेला. जाताना त्याने पात्रे वर काढायला दोर घेतला होता.