पोरकी पिल्लं

फार पूर्वी, समुद्राचा दुसरा काठ कुणीच पाहिला नव्हता तेव्हा, एका राजाला आपली राजधानी रात्रभर उजळलेली हवी झाली. दिव्यांना तेल हवं. देवमाशाच्या चरबीतून निघतं तेवढं तेल कशातूनच निघत नाही. हुकूम किनाऱ्यावरच्या एका गावात आला.

गावचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, कामात वाकबगार होता. भाला लागला की देवमासा बुडी मारून निसटतो, हे तो जाणून होता. म्हणून तो आधी पिल्लाला दोराने अडकवी. मग आई कुठे जात नसे. भाले सोसत पिल्लाभोवतीच फिरत राही. ती मेली की पिल्लू सोडून देत. त्याच्यात तेल ते किती?

गावातल्या म्हाताऱ्या सुइणीने त्याला बजावलं की बाळ पुढे करून आईला मारू नये. राजेसाहेबांना अंधारात बसायला तूच सांग, असा टोमणा तांडेलाने मारला. लोक हसले. हसणाऱ्यांच्या घरी राजाचं धान्य येत होतं, हे गाळण्याचं कारण नाही.

लाकडात पाणी मुरू नये म्हणून होड्यांच्या तळाला तेल चोळत. त्या वर्षी राजाला पाठवून उरलेलं देवमाशांचं तेल सगळ्यांनी चोळलं.

होड्या मासेमारीला निघाल्या. भर दुपार, वारा पडलेला. तांडेलाच्या होडीला खालून काहीतरी मऊ आणि जड लागलं. पुन्हा लागलं. पाण्यातून एक मोठा डोळा वर बघत होता. एक पिल्लू होडीचं पोट तोंडाने चाचपत होतं.

"तांडेल, बाळंतपण कधी झालं तुमचं?" शेजारच्या होडीतून कुणीतरी विचारलं.

मग त्याचीही होडी हलली. पिल्लू एकच नव्हतं.

धक्क्यांनी फळ्यांचे सांधे उकलले. होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या, पण पिल्लं बंदराच्या तोंडाशी येऊन थांबली. त्यांच्या हाकांनी घराघरांत हंड्यातलं पाणी थरथरत राही. पाण्यात उतरेल ती होडी पिल्लं चाचपत. मासेमारी बंद पडली, चुली विझल्या. अखेर तांडेल सुइणीकडे उपाय विचारायला गेला.

"तान्ही आहेत ती," ती म्हणाली. "होड्यांना आईच्या तेलाचा वास येतोय, म्हणून दूध मागतायत. तुझ्याकडे आहे?"

तांडेल भाला घेऊन निघाला. जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाला त्याने तो मारला. भेदरलेलं पिल्लू आईच्या पोटाखाली शिरतं. हेही शिरलं, होडीखाली, आणि अंग घट्ट चिकटवून वर आलं. होडी उलटली. तांडेल परत आला नाही.

कुणी म्हणेल, समुद्राने सूड उगवला. साफ खोटं. त्या पिल्लाला कुशीत घ्यायला कुणी हवं होतं, एवढंच.

बाकीची पिल्लं भुकेने मेली. शेवटची हाक थांबली त्या दिवशी गावाला हायसं वाटायला हवं होतं, पण ती शांतता कुणालाच सोसवेना. एकेक घर गाव सोडून गेलं. राजधानीतले दिवे मंदावले, तेव्हा राजाने पुढच्या गावाला हुकूम धाडला.

आईला मारून जो कमावतो, त्याच्या वाट्याला तिच्या लेकरांची भूकही येते.