वायुवेगाचा घास

एका राज्यात धैर्यकेतू नावाचा राजा होता आणि राजाहून अधिक मान असलेला एक कुत्रा होता. कुत्र्याचे नाव वायुवेग. राजकन्या मंदारवती लहानपणी नदीत पडली, तेव्हा त्याने तिला परकराला धरून काठावर ओढले होते. शिवाय मायावी माणूस कोणत्याही वेषात आला, तरी वायुवेग त्याला ओळखून भुंके. म्हणून करालजिव्ह जादूगाराची या राज्यात पाऊल टाकायची छाती होत नसे.

करालजिव्हाने मग दुरूनच कुत्र्यासाठी सोन्याचे पात्र नजराणा म्हणून धाडले. सोबत निरोप : "पात्र रिकामे दिसले, की राजाचा मुकुट पडेल." झाले! सारा दरबार पात्र भरू लागला. सकाळी बासुंदी, दुपारी तुपातला शिरा, मधल्या वेळी ज्याच्या हाताला जे लागेल ते. पात्रावर मंत्र होता; त्यातले खाऊन भूक शमत नसे. वायुवेग खाई आणि पुन्हा मान वर करून पाही. लोक म्हणत, "बिचारा उपाशी आहे हो!" डोळे असून आंधळे, दुसरे काय!

होता होता वायुवेगाला उंबरा ओलांडवेना. भुंकायला गेला तर धाप लागे. तेव्हा करालजिव्ह खुशाल राजवैद्याच्या वेषात दरबारात येऊन बसला.

मंदारवती कुत्र्याशेजारी बसून रडे आणि रडता रडता त्याला लाडू भरवी. एके सकाळी खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, अशीच भरवत राहिलीस, तर हा चैत्र पाहणार नाही. शाप याच्या पोटाला नाही, तुमच्या हातांना आहे. तिघे तुला अडवतील. तिघांनाही 'नाही' म्हण, पात्र फुटेल."

"मग याला द्यायचे तरी किती?"

"अंगावरून हात फिरव. बरगड्या बोटांना लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. तेवढेच."

मंदारवतीने हात फिरवला. बरगड्या कुठे सापडेनात. तिला स्वतःचाच संताप आला. हातातला लाडू तिने खिडकीबाहेर भिरकावला आणि पात्र पालथे घातले.

राजा तलवार उपसून धावत आला. "पात्र भर! माझा मुकुट पडेल!"

"मुकुट पडला तर उचलता येईल, तात. हा पडला तर उठणार नाही. नाही भरणार."

राजामागून आलेला वैद्य गोड हसला. "राजकन्या शहाणी आहे. मग याला काहीच देऊ नका. अमावास्येपर्यंत कडकडीत उपास. हरणासारखा पळेल."

"नाही! कोंबून मारले काय नि उपाशी मारले काय, मारणेच ते. हा रोज जेवेल आणि मापाने जेवेल."

पात्राला तडा गेला. वैद्याच्या तोंडचे पाणी पळाले आणि तो हळूच उंबऱ्याबाहेर सरकला.

मंदारवतीने एक भाकरी चुरली, थोडा मांसरस घातला आणि साध्या मातीच्या वाडग्यात वाढले. वायुवेगाने वाडगा चाटून लख्ख केला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिले. तलवारीला न भ्यालेली मुलगी इथे मात्र डगमगली. ज्याने आपल्याला पाण्यातून ओढून काढले, त्याला एका घासासाठी नाही म्हणायचे! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. पण हात मांडीवरून उठला नाही.

"नाही रे राजा," ती म्हणाली, "आता उद्या."

सोन्याचे पात्र फुटले. वायुवेग धापा टाकत उठला, कसाबसा उंबरा ओलांडून गेला आणि वैद्यावर असा भुंकला, की त्याची दाढी गळाली, रूप गळाले आणि करालजिव्हाचा कावळा होऊन उडाला. उष्ट्या शितांवर जगतो म्हणतात. राजाचा मुकुट जागचा हललासुद्धा नव्हता.

वायुवेग त्याच दिवशी सडपातळ झाला असे कोणी सांगेल, तर ते खोटे. पावसाळा गेला, थंडी सरली, तेव्हा कुठे बरगड्या बोटांना लागल्या. चैत्रात तो नदीकाठी धावला आणि मंदारवती त्याच्यामागे धावली. तिला तो काही सापडला नाही.

परत आल्यावर राजाने सवयीने जिलबी पुढे केली. राजकन्येने नुसते पाहिले. राजाने ती मुकाट्याने मागे घेतली.

कहाणीही एवढीच. कितीही आशेने माझ्याकडे पाहा, आणखी एक घास मिळायचा नाही.