उतारावर बंद केलेली किल्ली

एकदा एक तरुण आई सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी स्कूटरची किल्ली बंद करून घाटाचा उतार उतरू लागली. पुढे पायाशी तिची लहान मुलगी उभी होती, पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. इंजिन बंद, आवाज नाही, आणि तरी गाडी धावत होती.

त्या डोंगरावरच्या गावात सगळेच असे उतरत. शाळा खाली, बाजार खाली, दवाखानाही खाली. वरच्या वळणाशी आलं की किल्ली फिरवायची आणि नदीच्या पुलापर्यंत फुकट जायचं, अशी तिथली रीतच पडली होती. नव्या सुनेला ग्रामदैवताचं देऊळ दाखवतात तसं ते वळण दाखवत. "इथून बंद करायची बरं का," असं वडीलधारी माणसं कौतुकानं सांगत. या रीतीचा मला मनस्वी संताप येतो, आणि गोष्ट सांगताना तो लपवायचा मी काही प्रयत्न करणार नाही.

मधल्या वळणावर समोर वाळूचा एक टेम्पो रिव्हर्स घेत तिच्याकडे येत होता. त्या आईनं हॉर्नचं बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. पुन्हा दाबलं. किल्ली बंद असल्यावर वाजणार कसा? तिनं दोन्ही ब्रेक एकदम आवळून धरले, मागचं चाक घसरलं आणि गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात शिरली. वाळू होती म्हणून निभावलं. मुलीचं तोंड हँडलवर आपटलं, ओठ फुटला, गणवेशावर रक्ताचे थेंब पडले.

माणसं जमली. आणि काय बोलली ऐका. एकानं गाडी उचलून सीट झटकली आणि म्हणाला, "नशीब, पेट्रोल सांडलं नाही." दुसरा म्हणाला, "ब्रेक ढिला असणार. अजून आवळून घ्या, वहिनी." तिसऱ्यानं हँडलला बांधलेलं लिंबू-मिरची सुकलंय का ते पाहिलं. किल्ली का बंद होती, हे एकानंही विचारलं नाही. अहो, विचारणार कसे? त्यांच्या खिशातल्या किल्ल्याही त्याच वळणावर बंद व्हायच्या.

ती आई गाडी वळवून मुलीला घेऊन थेट वर गावात आक्काकडे आली. आक्का म्हणजे त्या गावची म्हातारी नर्स. उभा जन्म तिनं स्कूटरवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतपणं केली, लसी टोचल्या. निवृत्त झाल्यावर बाजाराच्या मोकळ्या पटांगणात ती गावातल्या मुली-सुनांना गाडी चालवायला शिकवत असे. ही आईही तिचीच शिष्या.

आक्कानं आधी मुलीचा ओठ गार पाण्यानं धुतला, दात हलतोय का ते बोटानं पाहिलं. मग विचारलं, "हॉर्न का नाही दिलास?"

"दिला होता, आक्का. वाजलाच नाही."

"का वाजला नाही?"

शिष्येनं मान खाली घातली. "किल्ली बंद होती."

"मी शिकवलं होतं?"

"नाही. पण हे म्हणतात, गाडी पेट्रोल फार पिते. आधी वरच्या वळणापासून बंद करायची, आता त्याच्याही अलीकडे, पिंपळापासूनच बंद कर म्हणाले. तरी भागत नाही. आता म्हणतात, गाडी भाऊजींना देऊन टाकू आणि रेवूला वर्षभर घरीच ठेवू, शाळेचं पुढच्या वर्षी बघू." तिनं मुलीला जवळ ओढलं. "आक्का, तुम्ही फक्त एवढं करा. पंक्चरवाल्या यल्लप्पाला सांगून ब्रेक अजून घट्ट करून द्या. तुमचं ऐकतो तो."

आक्कानं हात पुढे केला. "किल्ली दे."

शिष्येनं दिली. आक्कानं ती कमरेच्या पिशवीत टाकली, पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाली, "चल. आता गाडी ढकल."

"कुठं?"

"यल्लप्पाच्या दुकानापर्यंत. सपाट तर रस्ता आहे."

"अहो आक्का, चालू करून नेते की. दोन मिनिटांत जाईल."

"ढकल म्हटलं ना?"

शिष्येला काही उमगेना. लेकराचा ओठ फुटलेला, स्वतःचे गुडघे खरचटलेले, आणि ही म्हातारी गाडी ढकलायला लावते! पण गुरूपुढे बोलायची सोय नव्हती. तिनं पदर खोचला आणि हँडल धरून ढकलायला लागली. आक्का मुलीचं बोट धरून बाजूनं चालत होती.

थोडं अंतर गेल्यावर शिष्येच्या खांद्यांना रग लागली. गाडी जणू मागे कोणी धरून ठेवली होती. दम घ्यायला ती जरा थांबली तर गाडीही तिथल्या तिथं थांबली, हातभरही पुढे गेली नाही. चहाच्या टपरीवर बसलेला एक जण ओरडला, "काय आक्का, नवीन धडा काय? बायकांना गाडी चालवायला शिकवता-शिकवता आता गाडीलाच चालायला शिकवताय?"

"ये ना, तू ढकल. तिला हातबदल होईल," आक्का म्हणाली.

त्याला एकदम पेपरात काहीतरी महत्त्वाचं वाचायचं होतं.

यल्लप्पाचं पंक्चरचं दुकान आलं तोवर शिष्या घामानं निथळत होती. यल्लप्पा हसत पुढे आला. "वहिनी, पेट्रोल संपलं का काय?"

"पेट्रोल आहे. अक्कल संपलीय," आक्का म्हणाली. "गाडी मधल्या स्टँडवर घे आणि मागचं चाक हातानं फिरव."

यल्लप्पानं फिरवलं. चाक खर्र करून अर्धा फेरा फिरलं आणि अडलं.

"हा ब्रेक असा कोणी आवळला रे?"

"मीच," यल्लप्पा म्हणाला. "मागच्या महिन्यात दादा आले, आवळ म्हणाले. त्याच्या आधीही आले होते. पुढं पोरगी असते, एकदम घट्ट कर म्हणाले."

"आतलं लायनिंग झिजलंय, बदलायला हवं, हे नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! ते म्हणाले, नट फिरवून काम होतंय तर कशाला बदलायचं? आता मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक खालच्या दुकानात जातं, आक्का. तिथंही आवळूनच देतात."

"आणि टायरात हवा कोणी इतकी कमी ठेवली?"

यल्लप्पानं शिष्येकडे पाहिलं. शिष्या हळू म्हणाली, "मी सांगितलं होतं. खड्ड्यात गाडी गेली की रेवूला दणका बसतो. हवा कमी असली की कसं मऊ मऊ लागतं."

 आक्कानं ब्रेकचं लायनिंग बदलून घेतलं, नट नेमका हवा तेवढाच फिरवायला लावला, टायरांत गाडीच्या अंगावर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरून घेतली. हवेची गाळणी उघडायला लावली, तर आत घाटाची तांबडी माती बसलेली. ती बदलली. मग चाक पुन्हा फिरवलं, तेव्हा ते हात काढल्यावरही गुपचूप फिरत राहिलं.

"आता परत ढकल. माझ्या घरापर्यंत."

शिष्येनं हँडल धरलं आणि अंग पुढे झोकलं, तशी गाडी एकदम पुढे पळाली आणि ती धडपडली. यल्लप्पा फिस्सकन हसला. तीच गाडी, तोच रस्ता, तीच दमलेली बाई. पण आता नुसत्या तळव्यानं गाडी जात होती. चार पावलं चालून तिनं हात सैल सोडला, तरी गाडी आपली निघाली, धरून आणावी लागली. ती रस्त्यातच थांबली आणि आक्काकडे बघत राहिली.

तेव्हा आक्का बोलली. शांत माणूस रागावतो तशी बोलली.

"आता कळलं पेट्रोल म्हणजे काय? मघाशी तुझे हात जे करत होते तेच ते बिचारं रोज करतं. तुम्ही गाडी मागून धरून ठेवायची, चाकातली हवा काढायची, तिच्या नाकात माती भरायची, आणि वर म्हणायचं, ही फार पिते. कुठून सुरू झालं हे? उतारावर किल्ली बंद केली की इंजिन गाडीला आवरून धरायचं थांबतं. सगळा भार ब्रेकवर. ब्रेक झिजतो. झिजला की तुम्ही आवळता. आवळला की सपाटीवर घासत राहतो. घासला की पेट्रोल जास्त लागतं. पेट्रोल जास्त लागलं की तुझा नवरा म्हणतो, आता पिंपळापासूनच बंद कर. अगं, गाडीला पेट्रोल प्यायला तुम्हीच शिकवलंत, आणि त्याची भरपाई कोणाकडून करून घेताय? त्या पुढे उभ्या असलेल्या लेकराकडून?"

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काळजीपोटीच केलं हो, आक्का. हवासुद्धा तिच्यासाठीच कमी ठेवली."

"ते मला ठाऊक आहे. तुझी काळजी खोटी नाही. पण त्या काळजीनंच चाक मऊ केलं, आणि मऊ चाक आज घसरलं. काळजी करणाऱ्या माणसानं तर जास्तच तपासायला हवं, आपला हात नेमका कुठं पडतोय ते." आक्कानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काटकसरीला माझी ना नाही. मीही पेट्रोलच्या एका बाटलीवर दोन वाड्या केल्यात. पण लोकांना किल्ली बंद करायला का आवडतं सांगू? करताना काहीतरी वाचवल्यासारखं वाटतं. हवा भरताना तसं वाटत नाही, गाळणी झटकताना वाटत नाही, त्यात कोणी शाबासकीही देत नाही. म्हणून गळतंय तिथं कोणी बघत नाही आणि जीव आहे तिथून कापतात. असली बचत मला दाखवू नकोस."

तिनं पिशवीचा बंद सोडला आणि किल्ली शिष्येच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर शिष्येनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता-जेवता म्हणाला, "आक्काला सांगायला काय जातंय? तिच्या गाडीत सरकार पेट्रोल घालत होतं."

"उद्या तुम्ही मागे बसा," ती म्हणाली. "तुम्हाला खालीच जायचंय ना? मी चालवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाले. पिंपळ आला. सवयीनं नवरा मागून म्हणाला, "कर बंद."

"नाही."

"अगं, बंद कर. सगळे करतात."

तिनं गाडी कडेला घेतली. "ही उभी आहे पुढे. हिच्या तोंडाकडे बघा आणि सांगा. मग करते बंद."

मुलीनं मान वळवून बापाकडे पाहिलं. ओठ अजून सुजलेला होता. ती म्हणाली, "बाबा, उशीर होतोय ना."

नवऱ्यानं हातानंच 'चल' अशी खूण केली. गाडी पुन्हा निघाली. इंजिन मंद गुरगुरत होतं, वेग बायकोच्या मुठीत होता. मधल्या वळणाच्या थोडं अलीकडे मागून एक स्कूटर आली, अजिबात आवाज न करता, वाऱ्यासारखी. चालवणारा माणूस ओळखीचा, पुढे त्याची दोन मुलं एकाला एक चिकटून उभी. त्यानं एक हात सोडून नमस्कारही केला.

"अरे, किल्ली चालू कर!" नवरा एवढ्या जोरात ओरडला की त्याची बायकोच दचकली. "पोरं आहेत पुढे! चालू कर म्हणतो ना!"

तो माणूस गोंधळून मागे वळला, हसला, मग बहुधा याचा चेहरा पाहून हसायचा थांबला. पुढच्या वळणावर त्याच्या गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

 शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा नवऱ्यानं आधी मुलीला उचलून खाली ठेवलं, तिचा गणवेश नीट केला. मग चारचौघांत चाकाजवळ उकिडवा बसला आणि अंगठ्यानं टायर दाबून पाहू लागला.  

गाडी दिराकडे गेली नाही आणि रेवूची शाळा सुटली नाही. पेट्रोलही आता कमी लागतं, इंजिन चालू ठेवून उतरत असतानासुद्धा. पण ज्यांना हे ऐकल्यावर पहिलं 'किती वाचलं?' एवढंच विचारावंसं वाटतं, त्यांच्यापुढे मी हात टेकले.

आपण सगळेच घर चालवताना कशात ना कशात काटकसर करतो. फक्त ती करताना पुढे कोण उभं आहे, तेवढं बघावं.

तुमच्याही वाटेवर असा एखादा उतार असेल आणि तिथं कोणीतरी लेकराला पुढे घेऊन आवाज न करता उतरत असेल. हे वाचलंत तर त्याला सांगा, शेजारणीला सांगा, शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या बायकांना सांगा. चिडून सांगितलंत तरी चालेल, पण सांगा.