खड्ड्यातली आग

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत कुंभारांचं एक गाव होतं. तिथे भिवरा नावाची म्हातारी राहायची. तिचा मुलगा रांजण घडवायचा आणि सून चिमा रानातून सरपण आणायची. चिमा पोटुशी होती.

त्या वर्षी रानात एक अस्वलीण पिल्लांसह उतरली. सरपणाला गेलेल्या दोन बायकांना तिनं ओरबाडलं. पण चूल तर पेटायलाच हवी. चिमा निघाली की भिवराचा जीव थाऱ्यावर नसे. उंबऱ्यात बसायची, उठायची, वाटेकडे बघायची, परत बसायची.

एके दिवशी उन्हं कलली तरी चिमा आली नाही. भिवरानं शेजारून खापरात विस्तव आणला, पण घरात जाववेना. माती काढून पडलेल्या खड्ड्यात सगळी आळी उष्टं-खरकटं टाकायची. ती त्याच्या काठाशी येऊन वाट पाहू लागली. काळ्या पाण्यातून बुडबुडे येत होते. ती विस्तवाचं खापर घेऊन वाकली आणि भप्पकन निळी ज्योत उठून विझली.

"भूत!" शेजारीण किंचाळली.

तेवढ्यात चिमा लंगडत आली. मोळी नव्हती, पदर फाटलेला.

"आत्याबाई, आज अरुंद कपारीत शिरले म्हणून वाचले."

भिवरानं तिला छातीशी धरलं. नजर मात्र खड्ड्यावर होती.

सकाळी ती मुलाला म्हणाली, "मला तळाशी भोक असलेला मोठा रांजण दे. आतून राळ फास."

"आई, भुताला कोंडणार का?"

"भूत असतं तर त्यानं मला धरलं असतं, बाबा. ही आग आहे. चिमा आता रानात जाणार नाही."

रांजण खड्ड्यात पालथा रोवला, भोकात वेळूची नळी बसवून मातीनं लिंपली. भिवरा रोज नळीच्या तोंडाशी ठिणगी धरायची. काहीच पेटेना. घरात कोरडा भुसा जाळून कशीबशी पेज शिजत होती. "नुसत्या भाजीच्या सालींनी खड्ड्याचं पोट भरत नसेल," म्हणत ती दारोदार खरकटं, सडकी भाजी, शेण मागू लागली. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आणि एका सकाळी ठिणगी धरताच नळीच्या तोंडाशी निळी ज्योत उठली, ती विझलीच नाही.

पाटील संतापले. "नासक्या घाणीवरचं अन्न? मोडून टाका ते!"

भिवरा नळीपुढे उभी राहिली. "पाटील, मोडा. मग उद्या माझ्या सुनेऐवजी तुमची सून रानात धाडा."

पाटील पाय आपटत गेले. त्याच आठवड्यात अस्वलिणीनं रानाची वाट पार अडवली. घरोघरच्या चुली विझल्या. चिमाला कळा लागल्या तेव्हा सुइणीला गरम पाणी मिळालं ते त्या निळ्या ज्योतीवरच. मुलगी झाली. बाळाला न्हाऊ घालतात न घालतात तोच पाटलीणबाई दारात आल्या. हातात दुधाचं पातेलं, मान खाली.

"नातू उपाशी आहे गं. तेवढं तापवून देतेस?"

भिवरानं पातेलं ज्योतीवर चढवलं.

पुढच्या सुगीपर्यंत पाटलांच्या परसासह प्रत्येक आळीत खड्डा झाला. खड्ड्यातला उरलेला गाळ मळ्यात पडला, वांगी लगडली. रानाच्या वाटेवर गवत माजलं, आणि अस्वलीण पिल्लांसह तिथेच सुखानं राहिली.

तात्पर्य : नाक मुरडून फेकण्याआधी नीट पाहावं, आपली नड भागवणारी वस्तू पुष्कळदा आपल्याच दारात कुजत पडलेली असते.