लाकडासुराचं तिसरं कोडं

शकू, पाय आत घे. बापू, गोधडी ओढू नकोस, तिलाही थंडी वाजते. आजची गोष्ट रडकी आहे, आधीच सांगते. मधेच भोकाड पसरलंत तर अर्ध्यावर सोडून देईन.

एक होता राजा. त्याला पटाचा भारी नाद. पट म्हणजे सोंगट्यांचा खेळ, बरं का. कापडी पट अंथरायचा आणि त्यावर लाकडी सोंगट्या चालवायच्या. लाल सोंगट्या, हिरव्या सोंगट्या आणि मधोमध एक काळी. तिचं नाव लाकडासुर. खेळातला राक्षसच तो. त्याच्या घरात गेलं की आपली सोंगटी मेली. कारागिराने त्याला हे एवढाले डोळे रंगवले होते, पण पापण्या रंगवायच्या राहून गेल्या होत्या.

आता खेळ संपल्यावर काय करायचं असतं? पट मिटायचा, सोंगट्या थैलीत घालायच्या, नाडी ओढायची. तुम्हांलाही ठाऊक आहे. तुम्ही करत नाही, ती गोष्ट वेगळी. पण राजा एकदा हरला आणि हट्टाला पेटला. म्हणाला, "मी जिंकेपर्यंत पट मिटायचा नाही!" मग काय, पट तसाच उघडा. पावसाळा गेला, हिवाळा गेला. बाकीच्या सोंगट्यांना डोळेच नव्हते, त्यांना काय त्याचं? पण लाकडासुर टक्क जागा. त्याचे डोळे लालभडक झाले, डोळ्यांची नुसती आग आग व्हायला लागली. आणि एके दिवशी तो पटावरून उठला. वाढत वाढत छताला टेकला.

म्हणाला, "मी तीन कोडी घालणार. सुटली तर मी पटावर परत जाईन. नाही सुटली तर तुम्ही पटावर."

मग प्रधान पुढे झाला. दोन कोडी सोडवली, तिसऱ्याला चुकला. झाली त्याची सोंगटी. मग सेनापती आला, त्याचीही सोंगटी. मग राजा स्वतः आला. तोही गेला. मग आचारी गेले, घोड्यांचे मोतद्दार गेले, दासी गेल्या. शेवटी राजाची मुलगी बकुळा, शकूएवढीच असेल, ती धावत गेली आणि म्हणाली, "माझे बाबा दे." तिलाही त्याने कोडी घातली. मेल्याला लाजसुद्धा वाटली नाही.

राणी तेव्हा माहेरी गेली होती. परत येऊन बघते तर राजवाडा ओस. चुली विझलेल्या, पाळीव पोपटाचा पिंजरा उघडा, हाकेला ओ द्यायला कुणी नाही. आणि पटावर बोटभर लाकडाची बकुळा. वेणीत बकुळीचा गजरा कोरलेला होता, त्यावरून आईने ओळखली.

मग राणी रडली. खूप रडली. लेकीला मुठीत धरलं तर हाताला गार लाकूड लागलं. असं दुःख कुणाच्या वाट्याला येऊ नये, पोरांनो. लाकडासुराने तिलाही तीच अट सांगितली. मग तिने डोळे पुसले आणि ती त्याच्यापुढे जाऊन बसली. म्हणाली, "घाल तुझी कोडी."

त्याने पहिलं घातलं, "उन्हात संगत, अंधारात दगा."

राणी म्हणाली, "सावली."

मग दुसरं घातलं, "आगीतून निघालं आणि गारवा देतं."

राणी म्हणाली, "माठ."

मग तिसरं घातलं.

"राजाला मिळतं, रंकाला मिळतं,
मागितलं तर मिळत नाही,
मिळालं ते कळत नाही."

आता गंमत बघा. ह्याचं उत्तर त्या लाकडासुरालाच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं होतं, की सगळ्यांना रोज काहीतरी मिळतं आणि सकाळी सगळे ताजेतवाने होतात. त्याने किती मागितलं, त्याला मिळालं नाही. प्रधान म्हणाला होता, पाणी. त्याने घागरभर पाणी डोळ्यांवर ओतलं, आग थांबेना. चूक! राजा म्हणाला होता, वारा. वाऱ्यात उभा राहिला, आग थांबेना. चूक! बकुळा म्हणाली होती, आई. आता आई त्याने कुठून आणायची? चूक म्हणाला.

राणीने पुष्कळ डोकं खाजवलं. काही सुचेना. दिवेलागण झाली, दिवा लावायला कुणी नव्हतं. तिच्या मनातली होती नव्हती ती आशा संपली. ती म्हणाली, "मला येत नाही. मी हरले."

त्याने हात उचलला. तेव्हा राणी म्हणाली, "थोडं थांब रे. माझ्या लेकीची निजायची वेळ झाली. तिला थोपटते, मग कर माझं लाकूड."

तिने ती सोंगटी मांडीवर घेतली. थोपटायला लागली. लाकडावर हात पडायचा, टक टक वाजायचं. तरी थोपटत राहिली.

लाकडासुराचा हात तसाच वर राहिला. म्हणाला, "हे काय करतेस?"

"निजवतेय."

"मला कधी कुणी निजवलं नाही," तो म्हणाला. आणि एवढा मोठा राक्षस, गुडघे टेकून खाली बसला. "मलाही निजव."

राणीला त्याचा राग होता. का नसावा? लेक खाल्ली होती त्याने. पण ते लाल डोळे तिने बघितले. मग तिने त्याचं डोकं दुसऱ्या मांडीवर घेतलं, डोळ्यांवर पदर टाकला आणि दोन्ही हातांनी दोघांना थोपटायला लागली.

तो लहान लहान होत गेला. शेवटी बोटभर उरला. राणीने त्याला हळूच थैलीत घातलं आणि नाडी ओढली.

आणि मग तिच्या हाताखालची टक टक थांबली. हाताला ऊब लागली. बकुळा कूस बदलून म्हणाली, "आई, पदर दे ना."

मग सगळे उठले. राजा उठला, प्रधान उठला, चुली पेटल्या. सगळे सुखात राहिले. फक्त बकुळेची करंगळी जन्मभर लाकडाचीच राहिली. राजाला ती करंगळी दिसली की तो मान खाली घालायचा, आणि स्वतःच्या हाताने पट मिटायचा.

आता सांगा बरं, त्या कोड्याचं उत्तर काय?

बापू?

शकू?

मिळालं वाटतं दोघांना.