घरोघरी सरकारी कान

"राजा मेला!" असं दगडू कासार ओरडला आणि तिथंच घात झाला!

ओरडला तो बुद्धिबळाच्या डावात, शेजाऱ्याचा राजा मारताना. पण वेताळगडच्या चंडसेन राजानं नुकतंच प्रत्येक घराच्या भिंतीला एक भोक पाडून भोकाशी एक कारकून बसवला होता. आत कुणी शिंकलं तरी वहीत नोंद! कारकुनानं 'राजा मेला' एवढंच लिहून घेतलं आणि दगडूची रवानगी कोठडीत झाली.

त्याची बायको येसू घरोघरी बांगड्या भरायची. भोकं पडल्यापासून बायका सासूचं गाऱ्हाणंसुद्धा खुणांनी करायच्या! आता तर तिचा नवराच कोठडीत गेला. पदर खोचून येसू थेट दरबारात शिरली.

"सरकार, माझ्या नवऱ्याला सोडा आणि ती भोकं बुजवा!"

"का म्हणून?" राजा गुरगुरला. "चोरी नाही, चहाडी नाही, मग लपवायचं काय? प्रामाणिक माणसाला लपवावी वाटेल अशी एक तरी गोष्ट दाखव. नाहीतर नवऱ्याशेजारी तुझीही कोठडी!"

"दाखवते की! पण भर दरबारात सांगेन, आणि कारकुनांनी शब्दन् शब्द लिहायचा."

"मंजूर!"

येसूनं घसा खाकरला. "काल दुपारी राणीसाहेबांना बांगड्या भरायला मी महालात गेले होते. शेजारच्या दालनात महाराज एकटेच होते. मी सहज त्या दाराकडे पाहिलं, तर काय..."

"थांब!" राजा ताडकन उठला. कानाच्या पाळ्या लालबुंद! "कानात सांग, कानात!"

दरबाऱ्यांच्या माना लांबल्या. कारकुनांनी बोरू दौतीत बुडवले.

"का महाराज? आत चोरी चालली होती?"

"छे छे!"

"मग चहाडी?"

"मुळीच नाही!"

"मग कानात कशाला? लिहू द्या की यांना!"

राजानं घाईघाईनं हात हलवून कारकुनांना थांबवलं.

"आता सांगा, प्रामाणिक माणसाला लपवावंसं काही असतं की नाही?"

"असतं, बाई, असतं!" राजा धपकन खाली बसला. "पण तू पाहिलंस तरी काय?"

येसू त्याच्या कानाशी वाकली. "काय दिसणार, महाराज? दार बंद होतं!"

राजा आधी चमकला, मग असा खदखदून हसला की मुकुट घरंगळत प्रधानाच्या मांडीवर पडला. दगडू तिथल्या तिथं सुटला. येसूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. कारकुनांच्या हातातले बोरू काढून राजानं त्यांना चिखलाची घमेली दिली.

"जा, एकूण एक भोक आजच्या आज बुजवा! आणि हो, माझ्या दालनाच्या दाराला आतून आणखी एक कडी लावा!"