फॉलचं प्रात्यक्षिक

शाळा तपासणारे दिपोटी रावसाहेब भाटवडेकर येणार म्हटलं की शिक्षक आदल्या रात्रीपासूनच धडे घोकायला बसायचे. त्यांच्या एका शेऱ्यानं भल्याभल्यांची बदली आडरानात व्हायची. त्यांचा हट्ट एकच: इंग्रजी क्रियापद नुसतं सांगायचं नाही, आधी शिकवणाऱ्यानं करून दाखवायचं, मग मुलांनी.

खांबेटेबाईंच्या वर्गावर ते आले ते पाटलांकडच्या पुरणपोळ्या चापून. धडा सुरू झाला आणि रावसाहेब खुर्चीत घोरू लागले. जाग आली तेव्हा धडा संपला होता. झोपमोडीचा राग त्यांनी बाईंवर काढला.

"कोणतं क्रियापद घेतलंत?"

"फॉल, साहेब. म्हणजे पडणं."

"मग चढा टेबलावर आणि दाखवा पडून. नाहीतर शेरा लिहितो."

बाईंनी शांतपणे पदर खोचला.

"साहेब, फॉलचे उपयोग पुष्कळ. फॉल इल म्हणजे आजारी पडणं, फॉल अस्लीप म्हणजे झोप लागणं. मुलांनो, फॉल अस्लीप करून दाखवा बरं."

अख्ख्या वर्गानं माना मागे टाकल्या, आ वासला आणि घोरायला सुरुवात केली. एकानं तर नसलेल्या मिशीवरची माशीही हाकलली.

"हे कुणी शिकवलं यांना?" रावसाहेब गरजले.

"आपणच की. मघाशी इतकं मन लावून दाखवलंत, मुलांना एकदा बघूनच आलं." बाईंनी टेबल पुसून त्यांच्यापुढं सरकवलं. "आता नुसतं पडणंही आपल्याच हातून होऊन जाऊ दे."

रावसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि उभ्याउभ्याच शेरा लिहिला: 'अध्यापन उत्तम.'